पोर्श ९५९ : चार वर्षांचा उशीर कशामुळे झाला?

सारथी

नमस्कार मंडळी,

रॅलीच्या मुशीतून घडलेल्या सुपरकारचा विषय निघाला की पोर्श ९५९ चे नाव हमखास येते. मात्र तिच्या जन्मकथेत एक गाठ आहे आणि ती सोडवण्यासाठी हा धागा काढतो आहे.

१९८३ च्या फ्रँकफर्ट मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा तिचे नावच ‘ग्रुप बी’ असे होते. आंतरराष्ट्रीय रॅलीच्या या नव्या गटात उतरण्यासाठी कंपनीने बारा महिन्यांत २०० गाड्या बांधणे आवश्यक होते. ऑडी, लान्चिया, प्यूजो, फोर्ड या साऱ्यांनी ती अट कशीबशी का होईना पूर्ण केली आणि आपल्या गाड्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उतरवल्या. पोर्शच्या गाड्या ग्राहकांच्या हाती पडू लागल्या तेव्हा १९८७ साल उजाडले होते, आणि तोवर रॅलीतला ग्रुप बी बंदही झाला होता. म्हणजे ज्या स्पर्धेसाठी गाडी आखली, तिथे ती एकदाही धावली नाही.

माझे मत असे आहे की या उशिरामुळेच ९५९ मोठी झाली. बाकीच्या कंपन्यांनी रॅलीची गाडी बांधली आणि नियमापुरती तिच्यावर नंबरप्लेट लावली. पोर्शचे विकासप्रमुख हेल्मुट बोट यांनी रॅलीत लागणारी प्रत्येक गोष्ट अशा माणसाच्या हाती द्यायचे ठरवले, जो सकाळी ती गाडी घेऊन कामावर जाणार होता. ती चार वर्षे या कामात गेली असे मला वाटते. तुम्हाला काय वाटते? ही गाडी रॅलीची म्हणावी, की रस्त्याची?

गिअरपेटी

उत्तम धागा. ९५९ रॅलीसाठी आखली होती याचा पुरावा तिच्या इंजिनाच्या आकारातच आहे, म्हणून आधी तो मांडतो.

तिचे इंजिन २,८४९ घनसेंटिमीटरचे आहे. हा आकडा विचित्र वाटतो, कारण त्या काळातल्या पोर्शच्या ९११ टर्बोचे इंजिन ३.३ लिटरचे होते. मग नवी, अधिक ताकदवान गाडी बांधताना इंजिन लहान का केले? याचे कारण असे की ग्रुप बीमध्ये टर्बो इंजिनाचा (म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर जास्तीची हवा आत कोंबणाऱ्या इंजिनाचा) आकार १.४ ने गुणून धरला जाई. २,८४९ गुणिले १.४ म्हणजे ३,९८९. चार लिटरच्या वर्गाची मर्यादा ४,०००, म्हणजे गाडी अगदी काठावर बसते. या वर्गाला किमान ११०० किलो वजनाची मुभा होती.

हाच हिशेब इतरांना लावून पाहा. लान्चिया डेल्टा एस४ चे इंजिन १,७५९ चे, गुणाकार २,४६३. प्यूजो २०५ टी१६ चे १,७७५ चे, गुणाकार २,४८५. दोन्ही अडीच लिटरच्या आत. फेरारी २८८ जीटीओचे २,८५५ चे, गुणाकार ३,९९७! अभियंत्यांनी नियमपुस्तिका शेजारी ठेवूनच सिलिंडरचा व्यास ठरवला होता, हे या आकड्यांवरून स्वच्छ दिसते.

मात्र रस्त्यावरची ९५९ भरली सुमारे १,४५० किलो. त्या ११०० किलोंच्या वर जे साडेतीनशे किलो चढले, त्यांतच सारथी यांच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

दख्खनी

वरील हिशेब वाचून आनंद झाला, परंतु मूळ प्रतिपादनाशी मी असहमत आहे.

रॅलीतून जन्मलेली सुपरकार म्हणावी ती लान्चिया स्ट्राटोसच. त्याआधीच्या रॅलीच्या गाड्या म्हणजे घरगुती गाड्यांना ताकद चढवून केलेल्या गाड्या. चेझारे फिओरिओ यांनी लान्चियाच्या व्यवस्थापनाला पटवले की रॅली जिंकण्यासाठी कोऱ्या कागदावर गाडी आखली पाहिजे. बेर्तोनेच्या मार्चेल्लो गान्दिनी यांनी तिचा आकार घडवला आणि फेरारीच्या डिनोमधले २.४ लिटरचे व्ही६ इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवे बसवले गेले. दोन चाकांच्या आसांमधले अंतर जेमतेम २,१८० मिलिमीटर ठेवले, कारण कॉर्सिका आणि मॉन्टे कार्लोच्या घाटांत गाडी जागच्या जागी वळली पाहिजे होती.

दाराच्या आतल्या बाजूला जे खोलगट कप्पे आहेत, ते चालक आणि सहचालक यांची हेल्मेट ठेवण्यासाठी आहेत. रस्त्यासाठी विकलेल्या गाड्यांतही ते तसेच राहिले. दुकानातून गाडी घेणाऱ्या माणसाला हेल्मेटच्या कप्प्याचा काय उपयोग? काहीच नाही. तरीही तो तिथे आहे, कारण ती गाडी मुळात दुसऱ्याच कामाची आहे.

निकालही पाहा. १९७४, १९७५ आणि १९७६ अशी सलग तीन जागतिक अजिंक्यपदे, आणि १९७५ ते १९७७ अशी सलग तीन वर्षे सान्द्रो मुनारी यांनी तिच्यातून मॉन्टे कार्लो जिंकली. ९५९ कडे जागतिक स्पर्धेतला एक गुणही नाही. जी रणात उतरलीच नाही तिला योद्धा कसे म्हणायचे?

मीनल_क

दख्खनी यांच्याशी सहमत. स्ट्राटोसपुढे बाकी सगळ्या गाड्या नंतरच्या.

स्टुटगार्टकर

दख्खनी, ‘रणात उतरलीच नाही’ हे मात्र मान्य करता येणार नाही. ९५९ जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत धावली नाही, पण तिच्याइतकी खडतर परीक्षा क्वचितच कुठल्या सुपरकारने दिली असेल.

क्रम असा आहे. जॅकी इक्स यांनी १९८३ मध्ये मर्सिडीज घेऊन पॅरिस-डकार ही सहारा ओलांडणारी रॅली जिंकली आणि पोर्शलाही तिथे ओढले. १९८४ मध्ये ९११ च्या सांगाड्यावर साधी यांत्रिक फोर-व्हील ड्राइव्ह बसवून केलेली ९५३ उतरली, आणि रेने मेत्झ व दोमिनिक लमोइन यांनी ती स्पर्धा जिंकली. १९८५ मध्ये ९५९ च्या रूपातल्या तीन गाड्या नेल्या, मात्र त्यांत टर्बो नसलेले ९११ चे इंजिन होते. त्या तिन्ही बाद झाल्या. त्याच वर्षी इजिप्तमधल्या फॅरोज रॅलीत सईद अल हाजरी यांनी ९५९ ला पहिला विजय मिळवून दिला. मग १९८६ ची डकार. दोन टर्बोंचे इंजिन आणि इलेक्ट्रॉनिक फोर-व्हील ड्राइव्ह यांसह तीन गाड्या निघाल्या आणि तिन्ही पोहोचल्या : मेत्झ पहिले, इक्स दुसरे, आणि तिसरी गाडी सहावी.

त्या तिसऱ्या गाडीकडे माझे विशेष लक्ष जाते. ती चालवत होते रोलांट कुसमाउल, म्हणजे याच गाडीवर काम करणारे पोर्शचे अभियंता. पुढच्या दोघांना काही लागले तर सुटे भाग घेऊन मागून पोहोचायचे, हे त्यांचे काम होते. स्वतःच्या हातांनी विकसित केलेल्या यंत्रणेच्या भरवशावर सहारा ओलांडायचा आणि तेही सहाव्या क्रमांकाने, याहून मोठी परीक्षा माझ्या दृष्टीने नाही.

मी इथे झुफेनहाउझेनजवळ राहतो. पोर्शच्या संग्रहालयात रॉथमन्सच्या निळ्या-पांढऱ्या रंगातली डकारची ९५९ पाहिली आहे. रस्त्याच्या गाडीशेजारी ती उभी राहिली की फरक लगेच कळतो : जमिनीपासूनची उंची, चिखलाचे टायर, पुढचे जादा दिवे. पण खाली वाकून चाकाच्या कमानीत पाहिले की सस्पेन्शनची मांडणी त्याच घराण्याची दिसते. वाळवंटातल्या गाडीला प्रत्येक पुढच्या चाकाला दोन-दोन शॉक अॅब्सॉर्बर होते आणि रस्त्याच्या गाडीतही प्रत्येक चाकाला दोन आहेत. एक गाडी उंचीची पातळी सांभाळते, दुसरी वाळूचे तडाखे खाते, एवढाच कामातला बदल.

वाटसरू_९

माझ्यासारख्या नवख्यांसाठी कुणी सांगेल का की ग्रुप बी नेमका बंद का झाला? अपघातांबद्दल ऐकले आहे, पण क्रम माहीत नाही.

दख्खनी

वाटसरू, थोडक्यात सांगतो, कारण हा भाग लिहिताना हात जड होतो. १९८५ मध्ये कॉर्सिकातल्या रॅलीत लान्चिया ०३७ चालवणारे आत्तिल्यो बेत्तेगा यांचा मृत्यू झाला. १९८६ च्या मार्चमध्ये पोर्तुगालला एक फोर्ड आरएस२०० रस्त्याकडेच्या गर्दीत शिरली आणि प्रेक्षकांचे जीव गेले. त्यानंतर २ मे १९८६ रोजी पुन्हा कॉर्सिकातच आघाडीवर असलेले हेन्री टोइव्होनेन आणि त्यांचे सहचालक सेर्जो क्रेस्तो यांची डेल्टा एस४ दरीत कोसळून जळाली. दोघेही गेले. आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष जाँ-मारी बालेस्त्र यांनी लगेच जाहीर केले की १९८७ पासून या गाड्यांना जागतिक रॅलीत स्थान असणार नाही.

गिअरपेटी

आता त्या साडेतीनशे किलोंकडे वळतो. प्रतिसाद लांबणार आहे, पण या विषयावर आटोपते घेणे मला जमणार नाही.

९५९ चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे आहे. त्याच्यापुढे गिअरबॉक्स, आणि तिथून एक शाफ्ट नळीतून थेट पुढच्या डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या संचापर्यंत, जातो. पुढच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी तेलात बुडालेला एक मल्टिप्लेट क्लच आहे. पोर्शने त्याला पीएसके असे नाव दिले होते. मागच्या चाकांना ताकद सरळ मिळते; पुढच्या चाकांना किती मिळावी, हे त्या क्लचच्या प्लेटांवर किती दाब आहे त्यावर ठरते. तो दाब संगणक ठरवतो, आणि चाकांच्या वेगाची नोंद करणारे सेन्सर, थ्रॉटलची स्थिती अशा माहितीवरून तो सतत बदलत राहतो. साधारण चालीत पुढे ४० आणि मागे ६० टक्के. जोराने वेग घेताना गाडीचे वजन मागे सरकते, तेव्हा हे प्रमाण २० आणि ८० पर्यंत जाते.

त्या काळात ऑडी क्वाट्रोनेही फोर-व्हील ड्राइव्ह आणली होती, पण तिचा मधला डिफरन्शियल ताकद निम्मी-निम्मी वाटत असे आणि चालकाने गरजेप्रमाणे तो लॉक करायचा. पीएसके विचार करून वाटणी करत होता, आणि तेही १९८० च्या दशकातल्या मंद संगणकांच्या बळावर.

इथेच घोडे पेंड खाते. मी चाकणला ट्रान्समिशनच्या टेस्ट बेंचवर काम करतो. मल्टिप्लेट क्लच पूर्ण दाबला किंवा पूर्ण सोडला तर त्याला काही होत नाही. तो अर्धवट दाबात घसरता ठेवला, की सगळी ताकद उष्णता होऊन तेलात उतरते. बेंच थांबवून हाउसिंग उघडले की आधी जळक्या तेलाचा उग्र वास येतो. पोलादी प्लेटा बाहेर काढल्या की त्यांवर निळसर-जांभळे डाग उठलेले असतात आणि फ्रिक्शन प्लेटांचा खरखरीत थर ग्लेझ होऊन चकाकत असतो. अशी प्लेट पुन्हा बसवली तर क्लच थरथरतो, आणि ती थरथर गाडीत बसलेल्या माणसाला पायाखाली जाणवते. रॅलीत हे चालून जाते, कारण सर्व्हिसच्या थांब्यावर मेकॅनिक सगळे बदलून टाकतात. ग्राहकाला हजारो किलोमीटर तोच क्लच वापरायचा असतो, पावसात, बर्फात आणि ताशी ३०० किलोमीटरच्या वेगातही. एकच भाग या दोन्ही ठिकाणी टिकवायचा, त्याचे तेल, त्याचे तापमान आणि त्याला आज्ञा देणारा प्रोग्राम यांची सांगड घालायची, ही वर्षांची कामे आहेत. फ्रँकफर्टला दाखवलेली गाडी आणि ग्राहकाला दिलेली गाडी यांच्यामधला वेळ कुठे गेला, हे मला या एका भागावरून पटते.

त्यात भर म्हणून एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. चारही चाके शाफ्टने एकमेकांना जोडलेली असली की एका चाकाचा वेग दुसऱ्यावर परिणाम करतो, आणि कुठले चाक खरोखर घसरते आहे हे ओळखणे अवघड होते. ब्रेक लावताच पुढचा क्लच किती सोडायचा, हेही मग त्याच हिशेबात धरावे लागते.

स्टुटगार्टकर

गिअरपेटी यांच्या प्रतिसादाला जोडून : चालकाच्या हाताशी स्टिअरिंगजवळ एक दांडी आहे आणि तिच्यावर चार पर्याय आहेत : कोरडा रस्ता, ओला रस्ता, बर्फ, आणि गाडी रुतल्यावर बाहेर काढण्यासाठी सगळे लॉक करणारा चौथा. काचेतून आत डोकावले तर गिअरच्या मुठीवर पहिल्या गिअरच्या जागी ‘जी’ हे अक्षर दिसते. जर्मनमध्ये उंचसखल, बिनरस्त्याच्या जमिनीसाठीचा तो गिअर. म्हणजे सुपरकारच्या मुठीवर डकारची खूण कायम राहिली. दख्खनी यांच्या हेल्मेटच्या कप्प्याला हे माझे उत्तर समजावे.

दख्खनी

हे उत्तर आवडले. तरी एक शंका आहे : असे म्हणतात की तो ‘जी’ गिअर आवाजाच्या आणि मान्यतेच्या चाचण्या सोप्या जाव्यात म्हणूनही सोयीचा होता. तसे असेल तर ती खूण वाळवंटाची किती आणि कायद्याची किती?

अश्वशक्ती

मला या सगळ्या इलेक्ट्रॉनिक कौतुकाचे आश्चर्य वाटते. ग्रुप बीच्याच मुशीतून दुसरी एक गाडी निघाली, ती फेरारी एफ४०. २८८ जीटीओची स्पर्धेसाठी केलेली इव्होलुझिओने आवृत्ती ग्रुप बी संपल्यामुळे पोरकी झाली आणि तिच्यातून १९८७ मध्ये एफ४० उभी राहिली. ४७८ अश्वशक्ती, मागच्या चाकांवर ड्राइव्ह, एबीएस नाही, गालिचा नाही, दाराला कडीऐवजी दोरी. सर्वोच्च वेग ताशी ३२४ किलोमीटर, म्हणजे ९५९ च्या ३१७ हून जास्त.

स्पर्धेची गाडी रस्त्यावर आणायची तर ती अशी आणावी. चालकाच्या आणि रस्त्याच्या मध्ये संगणक बसवला की कौशल्याला काय अर्थ उरतो? ९५९ ने सुपरकार सोपी केली आणि त्या सोपेपणाची किंमत आपण आजच्या प्रत्येक गाडीत मोजतो आहोत.

मीनल_क

अश्वशक्ती, एफ४० माझीही लाडकी आहे, पण ती सर्किटच्या वाटेने आली, आणि इथे विषय रॅलीचा आहे. रॅलीत चालकाला पुढच्या वळणावर डांबर असेल, खडी असेल की बर्फ, याची खात्री नसते. अशा ठिकाणी गाडीने जमीन ओळखणे हाच कौशल्याला आधार असतो. इक्स आणि मेत्झ यांना कुणी अकुशल म्हणणार नाही, आणि त्यांनीच ही यंत्रणा सहारात वापरली.

भोवरा

अवांतर आहे, पण रॅलीचे इंजिन सुपरकारमध्ये शिरल्याचे सर्वांत थेट उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते. एमजी मेट्रो ६आर४ या ग्रुप बीच्या गाडीसाठी तीन लिटरचे व्ही६ इंजिन खास बनवले होते. गट बंद झाला, इंजिन उरले. पुढे जग्वारने १९८८ मध्ये बर्मिंगहॅमला एक्सजे२२० दाखवली ती व्ही१२ इंजिन आणि फोर-व्हील ड्राइव्हसह. प्रत्यक्षात विकली ती मात्र याच व्ही६ च्या वंशातल्या साडेतीन लिटरच्या, दोन टर्बोंच्या इंजिनासह आणि फक्त मागच्या ड्राइव्हने. ताकद ५४२ अश्वशक्ती होती, तरी आगाऊ पैसे भरलेल्या अनेक ग्राहकांना हा बदल रुचला नाही आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले.

पोर्शने १९८३ मध्ये जे दाखवले तेच, किंबहुना त्याहून पुढचे, १९८७ मध्ये दिले. उशीर झाला तरी शब्द पाळला. हा मुद्दा सारथी यांच्या बाजूने जातो.

खडीचा_रस्ता

फोर्ड आरएस२०० चे नाव अजून नीट आले नाही, म्हणून लिहितो. ही गाडी सुपरकारच्या यादीत क्वचित घेतली जाते, पण माझ्या मते ग्रुप बीची सर्वांत प्रामाणिक गाडी तीच. इंजिन मध्यावर, गिअरबॉक्स पुढे, म्हणजे ताकद आधी पुढे जाऊन मग मागे येते. वजनाचा तोल साधण्यासाठी एवढा खटाटोप! इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधल्या शेनस्टोन इथे रिलायंट कंपनीच्या कारखान्यात २०० गाड्या बांधल्या. पुढची काच आणि मागचे दिवे सरळ फोर्ड सिएराचे घेतले, कारण २०० गाड्यांसाठी नवी काच ओतणे परवडणारे नव्हते.

आणि गिअरपेटी यांचा हिशेब इथे लावला तर गंमत दिसते. १,८०३ गुणिले १.४ म्हणजे २,५२४. अडीच लिटरच्या मर्यादेच्या किंचित वर! त्यामुळे गाडी तीन लिटरच्या, अधिक वजनाच्या वर्गात ढकलली गेली. पुढच्या इव्होल्यूशन आवृत्तीत इंजिन २,१३७ चे केले. आता गुणाकार करा.

गिअरपेटी

२,९९२! तीन लिटरच्या बरोबर आत. खडीचा_रस्ता, हे उदाहरण माझ्या डोक्यात आले नव्हते, मनापासून आभार.

सोनकी

पैशांबद्दल कुणी बोलले नाही. ९५९ ची किंमत ४,२०,००० जर्मन मार्क होती आणि त्या काळात ती अफाट होती. तरीही पोर्शला प्रत्येक गाडीमागे मोठा तोटा झाला, हे सर्वमान्य आहे. नेहमीच्या मालिकेत जेमतेम २९२ गाड्या बांधल्या गेल्या. अमेरिकेच्या सुरक्षा आणि प्रदूषण नियमांत ती बसत नव्हती, त्यामुळे बिल गेट्स यांनी घेतलेली ९५९ वर्षानुवर्षे तिथल्या बंदरात अडकून पडली. ‘शो ऑर डिस्प्ले’ हा सवलतीचा नियम आल्यावरच अशा गाड्यांची वाट मोकळी झाली.

मी हिशेबनिसाच्या पेशातली आहे, म्हणून विचारते : तोट्यात विकलेल्या गाडीला यश म्हणायचे का? सारथी यांना चार वर्षांचा अभिमान वाटतो, पण त्या चार वर्षांचे बिल कुणी भरले, हेही पाहिले पाहिजे.

स्टुटगार्टकर

सोनकी, प्रश्न रास्त आहे. माझ्या मते त्या पैशांची वसुली पुढच्या ९११ मध्ये झाली. १९८९ मध्ये ९६४ पिढीची कॅरेरा ४ आली आणि फोर-व्हील ड्राइव्ह ही ९११ ची नेहमीची गोष्ट झाली. तिची यंत्रणा ९५९ हून वेगळी होती, पण मागे इंजिन असलेल्या गाडीच्या पुढच्या चाकांना ताकद कशी द्यायची, हा अनुभव तिथूनच आला. १९९५ ची ९९३ टर्बो म्हणजे दोन टर्बो आणि फोर-व्हील ड्राइव्ह असलेली पहिली ९११ टर्बो, ४०८ अश्वशक्तीची. तिच्या चाकांचे आरे आतून पोकळ होते, आणि पोकळ आरे ९५९ च्या मॅग्नेशियमच्या चाकांतही होते. ९५९ मध्ये तर त्या आऱ्यांतली हवा टायरच्या हवेशी जोडलेली होती आणि दाब कमी झाला की चालकाला सूचना मिळे. आज टायरच्या हवेचा दिवा साध्या गाडीतही लागतो.

अश्वशक्ती

स्टुटगार्टकर, टायरच्या हवेचा मुद्दा मान्य. ताशी तीनशेच्या वेगात हवा कमी झाल्याचे चालकाला कळलेच पाहिजे. त्याला मी कौशल्याची चोरी म्हणणार नाही. क्लचच्या बाबतीत मात्र माझे मत बदललेले नाही.

सारथी

सर्वांचे आभार. चर्चा इतकी सकस होईल असे वाटले नव्हते. आता मूळ प्रश्नाकडे येतो.

दख्खनी यांनी स्ट्राटोसची बाजू ज्या आत्मीयतेने मांडली, ती वाचून मला प्रश्नाची दुसरी बाजू अधिक स्पष्ट दिसली. स्ट्राटोस आणि ९५९ यांचा प्रवास उलट दिशांचा आहे. स्ट्राटोस रॅलीसाठी पूर्ण झाली आणि नियमामुळे रस्त्यावर आली. तिची रस्त्यावरची १९० अश्वशक्तीची आवृत्ती म्हणजे स्पर्धेच्या गाडीचा सौम्य अवतार. ९५९ चे उलट झाले. तिची रस्त्यावरची ४५० अश्वशक्तीची आवृत्ती १९८६ च्या डकारमधल्या गाडीपेक्षा अधिक ताकदवान होती, कारण आफ्रिकेतल्या हलक्या पेट्रोलवर चालण्यासाठी तिथे ताकद उतरवावी लागली होती. म्हणजे स्पर्धा ही तिच्या विकासातली एक पायरी होती आणि ग्राहकाची गाडी हा शेवटचा टप्पा.

इंजिनाबद्दल कुणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून तेवढे जोडतो. तिच्या सिलिंडरना हवेने थंड केले जाते आणि सिलिंडर हेडना पाण्याने. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह दिले की हेडमध्ये हवा खेळायला जागाच उरत नाही, म्हणून ही जोडव्यवस्था पोर्शच्या ९५६ आणि ९६२ या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीतल्या गाड्यांमधून आली. पण त्या गाड्यांत टर्बो दम धरेपर्यंत चालक थांबू शकतो, कारण सरळ रस्ता लांब असतो. घाटात आणि गावात तो उशीर जीवघेणा ठरतो. म्हणून ९५९ मध्ये दोन टर्बो एकामागोमाग लावले. कमी फेऱ्यांवर सगळा धूर एकट्या पहिल्या टर्बोकडे जातो, त्यामुळे तो लवकर फिरू लागतो. इंजिन चार हजारांच्या पुढे गेले की झडप उघडते आणि दुसराही कामाला लागतो. ती झडप नको तेव्हा उघडली तर ओल्या वळणावर अचानक ताकद येऊन गाडी फिरेल. हा संक्रमणाचा क्षण गुळगुळीत करणे आणि त्याच क्षणी पीएसकेने ताकदीची वाटणी बदलणे, या दोन कामांची जुळणी हा वायसाख इथल्या पोर्शच्या विकासकेंद्रातल्या अभियंत्यांचा खरा पराक्रम आहे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून मी या गाडीला रॅलीने शिकवलेली, रस्त्यासाठी पूर्ण केलेली गाडी म्हणतो.

दख्खनी

‘रॅलीने शिकवलेली’ हे मला मान्य आहे. ‘रॅलीतून जन्मलेली’ हा मान मात्र स्ट्राटोसकडेच राहू द्या.

वाटसरू_९

शेवटचा एक प्रश्न. ९५९ सर्किटवर कधी धावली का?

गिअरपेटी

धावली, ९६१ या नावाने. १९८६ च्या ल मान्समध्ये रेने मेत्झ आणि क्लोद बालो-लेना यांनी ती सातव्या क्रमांकावर आणली. फोर-व्हील ड्राइव्हची गाडी ल मान्सला धावण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. मात्र ग्रुप बीसाठी लागणाऱ्या २०० गाड्या तोवर बांधून झाल्या नव्हत्या, त्यामुळे तिला अमेरिकन नियमांच्या जीटीएक्स वर्गात उतरावे लागले. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली, अपघात झाला, आग लागली आणि शर्यत अर्ध्यावर सुटली. मेत्झ यांनी १९८६ च्या जानेवारीत याच घराण्याच्या गाडीतून डकार जिंकली होती आणि जूनमध्ये ते ल मान्सला होते.